टाके कुठे घालायचे?

विज्ञानकथेतील एखाद्या पात्राचा संपूर्ण वेष स्वतःच्या हातांनी करायला घेणे, हा उद्योग साहित्याच्या अभ्यासकांच्या जगात फारसा प्रतिष्ठित नाही. गॅदरिंगमधला ‘फॅन्सी ड्रेस’, फार तर सुट्टीतला छंद, एवढीच त्याची नोंद घेतली जाते. आम्हांला मात्र असे वाटते की, ज्याला आपण संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतो आणि ज्याची दीक्षा वर्गावर्गांतून देत असतो, ते वाचन इतक्या कठोरपणे दुसऱ्या कोणत्याही कामात करावे लागत नाही. समीक्षकाला एखादा शब्द संदिग्ध ठेवून पुढे जाता येते. किंबहुना त्या संदिग्धतेचे कौतुक करूनही पुढे जाता येते. कापड बेतणाऱ्याला ती मुभा नाही. बाही कोपरापर्यंत की मनगटापर्यंत, हे कात्री लावण्यापूर्वी ठरवावेच लागते.

हे लिहिण्यास निमित्त आहे. आमच्यापैकी दोघे इंग्लिश साहित्य शिकवतात आणि तिसरीला शिवणकामातले कळते. आम्ही तिघांनी मिळून मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील त्या निर्मित जीवाचा वेष करायला घेतला आहे. अट एकच घातली आहे: चित्रपटांतून काहीही उसने आणायचे नाही. जे १८१८च्या संहितेत आहे ते करायचे. जे संहितेत नाही पण संहितेवरून निघते, ते तर्काने भरायचे. विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘हे परीक्षेला आहे का?’ असे विचारले. हे परीक्षेला नाही. कादंबरी मात्र आहे.

हेच पात्र का, असेही विचारले गेले. ब्रायन ऑल्डिस यांनी १९७३ साली विज्ञानकथेचा इतिहास लिहिताना तिचा आरंभ याच कादंबरीपासून मानला. तेव्हा आरंभापासून आरंभ करावा, हे एक कारण. दुसरे असे की, आमच्या वाचनातल्या मराठी विज्ञानकथेची माणसे बहुधा साध्या शर्ट-पँटीत वावरतात. त्यांच्या वेषातून फारसे काही उलगडत नाही. मराठी विज्ञानकथेतले सर्वांत प्रसिद्ध वेषांतर कदाचित पात्राचे नसून लेखकाचेच असावे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्याच आद्याक्षरांचा क्रम उलटवून.

पण खरे कारण वेगळे आहे. या कादंबरीइतकी न वाचता माहीत असलेली कादंबरी क्वचितच सापडेल. विद्यार्थी पुस्तक उघडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एक आकृती आधीच उभी असते: सपाट माथा, मानेत दोन्ही बाजूंनी घुसवलेले खिळे, कपाळावर टाक्यांची रेघ, हिरवट कातडी, जड पावले आणि तोंडात शब्द नाही. ही आकृती मेरी शेलीची नव्हे. ती जेम्स व्हेल यांच्या १९३१च्या चित्रपटातली आहे. रंगभूषाकार जॅक पिअर्स यांनी बोरिस कार्लॉफ यांच्या चेहऱ्यावर ती रोज तासन्‌तास बसून घडवली. हिरवट-करडा रंगही कृष्णधवल फिल्मवर चेहरा प्रेतवत् फिका दिसावा म्हणून लावलेला. तो हिरवा ‘दिसावा’ असा हेतूच नव्हता. युनिव्हर्सल कंपनीचा या रूपावरचा हक्क इतका पक्का होता की १९५७ साली हॅमर कंपनीने आपला चित्रपट काढला तेव्हा क्रिस्टोफर ली यांचा चेहरा मुद्दाम वेगळा करावा लागला. एका रंगभूषाकाराचे असामान्य काम कादंबरीवर असे बसले की ते खरवडून काढणे हाच आमच्या कामाचा पहिला टप्पा ठरला.

खरवडल्यावर काय उरते? कादंबरीच्या पहिल्या खंडाच्या चौथ्या प्रकरणात तो जीव डोळे उघडतो. पिवळी त्वचा, इतकी तोकडी की खालचे स्नायू आणि रक्तवाहिन्या जेमतेम झाकल्या जाव्यात. केस काळेभोर, तुकतुकीत, लांब. दात मोत्यांसारखे. डोळे पाणावलेले, आणि त्यांचा रंग खोबणीच्या मळकट पांढऱ्या रंगाहून फारसा निराळा नाही. ओठ सरळ आणि काळे. खिळे नाहीत. सपाट माथा नाही. आणि ज्यावाचून त्याचे एकही चित्र पुरे होत नाही, ते चेहऱ्यावरचे टाकेही नाहीत. १८३१च्या आवृत्तीत, म्हणजे लेखिकेच्या हयातीतच, थिओडोर फॉन होल्स्ट यांचे मुखचित्र छापले गेले. त्यातला जीवही पिळदार अंगाचा, लांब केसांचा, आपल्याच देहाकडे गोंधळून पाहणारा आहे.

व्हिक्टरने एकेक अवयव सुंदर म्हणून निवडला आणि सगळे एकत्र आल्यावर ते रूप त्याला पाहवेना, हे आपण वर्गात ‘निर्मात्याचा अहंकार’ या मथळ्याखाली शिकवतो. हाताने वेष करू पाहणाऱ्याला तेथे अधिक साधी गोष्ट दिसते. उत्तम केस, उत्तम दात, उत्तम बेतलेली बाही एकत्र आणून उत्तम वेष होत नाही, हा अनुभव कोणत्याही शिंप्याला विचारावा. आठ फुटांचेही तसेच. त्या जीवाची उंची आठ फूट का? ती भयासाठी योजलेली नाही. बारीक अवयव जोडायला वेळ लागतो, म्हणून व्हिक्टर मूळ विचार सोडून माप वाढवतो आणि अंगप्रत्यंगेही त्याच प्रमाणात मोठी करतो, असे तो स्वतःच सांगतो. घाईत असलेल्या कारागिराने काढलेली ही पळवाट आहे. तिची किंमत पुढे जन्मभर दुसऱ्याला मोजावी लागते. आम्ही हे वाक्य अनेकदा शिकवले होते; मांजरपाटावर नमुना कापायला बसलो तेव्हा त्यातली घाई प्रथमच जाणवली.

आमच्यातला वेष घालणारा पाच फूट आठ इंचांचा. म्हणजे अठ्ठावीस इंच कमी. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात; त्या यादीत उंचीचीही भर घालावी लागेल. अठ्ठावीस इंच दोन प्रकारे मिळतात. एकतर पायांना उंच काठ्या बांधाव्यात, किंवा पाठीवर चौकट बांधून तिच्यावर खोटे डोके बसवावे आणि घालणाऱ्याने पात्राच्या छातीतून बाहेर पाहावे. नुसती उंची वाढवूनही भागत नाही. संहिता ‘त्याच प्रमाणात’ म्हणते. त्या हिशेबाने प्रत्येक माप सुमारे एक पूर्णांक चार पटींनी वाढते. सव्वासात इंचांचा पंजा दहा इंचांवर जातो, दहा इंचांचे पाऊल चौदांवर.

हे सारे करता येते. पण केले की दुसरीकडे कादंबरी हातची जाते. कारण हा जीव संहितेत जड पावलांनी चालत नाही. तो साल्येव्ह पर्वताच्या उभ्या कड्याला लोंबकळतो, हिमनदीतल्या भेगा उड्या मारीत ओलांडतो, त्याचा वेग माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे. काठ्यांवर उभा राहिलेला माणूस भेग ओलांडत नाही. तो सतरंजीच्या सुरकुतीलाही भितो. आणि छातीतून पाहणारा, खोट्या डोक्याखाली दबलेला माणूस बोलू शकत नाही, निदान ऐकू येईल असे तरी नाही. येथे तर दुसऱ्या खंडाचा मोठा भाग त्या जीवाच्याच तोंडी आहे. त्याच्यासारखी नेटकी आणि युक्तिवादाने बांधलेली भाषा त्या कादंबरीत दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेली नाही. उंची घ्यावी तर वेग आणि वाणी जाते. वेग आणि वाणी राखावी तर उंची जाते. निबंधात ही तिन्ही वैशिष्ट्ये स्वल्पविरामाने एकापुढे एक लिहिता येतात आणि गुणही मिळतात.

आम्ही उंची सोडली. सगळी नव्हे, बुटांच्या आत सहा इंचांची उचल आणि डोक्यावर केसांचा टोप यांनी जेवढी मिळते तेवढी ठेवली, ती साडेसहा फुटांच्या आसपास येते. या निर्णयावर आमच्यात तीन संध्याकाळ वाद झाला आणि तो आम्हांला मोलाचा वाटतो. उंची त्याला निर्मात्याने दिली, तीही सोयीसाठी. भाषा मात्र त्याने स्वतः कमावली, एका कुटुंबाच्या भिंतीला लागून असलेल्या खोपटात, फटीतून पाहत आणि ऐकत. वेषाला दोन्हींपैकी एकच पेलणार असेल, तर जे त्याचे स्वतःचे आहे ते राखावे. हा निवाडा कोणाला पटणार नाही. पण तो निवाडा आहे, आणि तो करण्यासाठी कादंबरी पुन्हा वाचावी लागली.

चेहऱ्याबाबत लेखिकेनेच मदत केली. शेवटी वॉल्टन त्याला जहाजावरच्या खोलीत पाहतो तेव्हा लांब, विस्कटलेल्या केसांनी त्याचा चेहरा झाकलेला आहे. पुढे आलेला हात तेवढा दिसतो आणि तो रंगाने व पोताने ममीच्या हातासारखा आहे. म्हणून सगळी मेहनत हातांवर. पातळ कागदाचे आणि लेटेक्सचे एकावर एक थर देऊन, ओले असताना चिमटीने सुरकुतवून, वाळल्यावर पिवळ्या रंगाचे पातळ हात देत ती कातडी तयार होते. तिच्याखाली लोकरीचे तांबडे-निळे धागे शिरांसारखे टाकून ठेवले की ‘जेमतेम झाकलेले’ या वर्णनाचा अर्थ बोटांना कळतो. ओठ काळे केले, पण तोंड पूर्ण मोकळे ठेवले.

कपड्यांनी आम्हांला सर्वांत जास्त वाचायला लावले. तो जीव कपडे कुठून आणतो? व्हिक्टरच्या घरातून बाहेर पडण्यापूर्वी थंडी वाजली म्हणून त्याने काही कपडे अंगावर ओढले, पण ते रात्रीच्या दवाला पुरेनात. पुढे रानात एका झाडाखाली त्याला भलामोठा झगा सापडतो. आणि नंतर रानातच सापडलेल्या चामडी पेटीत काही कपडे आणि तीन पुस्तके असतात: मिल्टनचे महाकाव्य, प्लूटार्कच्या चरित्रांचा एक खंड आणि गटेचा वेर्थर. पुस्तकांवर किती लेख लिहिले गेले त्याची गणती नाही. त्याच पेटीतल्या कपड्यांकडे आमच्या पाहण्यात तरी कोणी वळलेले नाही.

आता प्रश्न सुरू होतात. व्हिक्टर सामान्य मापाचा विद्यार्थी. त्याचा कोट आठ फुटी देहावर चढेल कसा? संहिता नीट पाहिली तर तो जीव ‘घातले’ म्हणत नाही, ‘झाकून घेतले’ अशा अर्थाचे क्रियापद वापरतो. म्हणजे कोट चढलेलाच नसणार. चढवला असेल तर पाठीची शिवण मानेपासून कमरेपर्यंत उसवली असणार आणि बाह्या कोपराच्या जरा खाली संपल्या असणार. (गंमत अशी की १९३१च्या चित्रपटातही कार्लॉफ यांच्या बाह्या आखूड केल्या होत्या, हात लांब दिसावेत म्हणून. उसने न आणण्याची अट घालूनही आम्ही तेथेच पोहोचलो.) तो झगा ‘भलामोठा’ आहे, पण कोणाच्या मापाने? साधारण माणसाचा झगा त्याच्या गुडघ्यांशी संपेल. सांगणारा तेव्हा नुकता डोळे उघडलेला आहे आणि त्याला अजून कोणतीच तुलना उपलब्ध नाही; मग हे विशेषण त्या रात्रीचे, की पुढे भाषा शिकल्यावर आठवून सांगताना आलेले? निवेदनशास्त्रावरचा हा प्रश्न आमच्यासमोर घोंगडीच्या मापाच्या रूपाने आला. झगा आम्ही घोंगडीचाच करत आहोत. धनगर पावसात जे पांघरतात, तितके जाड आणि राठ कापड दुकानातल्या ताग्यांत मिळाले नाही. लांबी गुडघ्यापर्यंत ठेवली.

शिवाय वेष एका दिवसाचा असतो, कादंबरीचा नव्हे. आम्ही निवडला तो दिवस, ज्या दिवशी तो आंधळ्या म्हाताऱ्या डी लेसीला भेटायला घरात शिरतो. जमिनीवर तांबडी पाने पडली आहेत, ऊन आहे पण ऊब नाही. म्हणजे कपडे वर्षभर रानात वापरलेले. नवे कापड जुने करणे हे वेगळेच शास्त्र आहे: चहाचे पाणी, पॉलिशपेपर, कोपरे दगडावर घासणे. पण त्याआधी एक शंका उरली. वर्षभरात उसवलेली पाठ त्याने तशीच ठेवली असेल का? त्याला शिवता येत होते का? आम्ही दोघा शिक्षकांनी ‘संहितेत उल्लेख नाही’ असे म्हणून पुस्तक मिटले. मैत्रिणीने ते पुन्हा उघडले. भिंतीच्या फटीतून तो अ‍ॅगाथाला प्रथम पाहतो तेव्हा ती घर आवरते आणि मग खणातून काहीतरी काढून हातांनी कामाला लागते, असे तेथे आहे. काय काढले, हे तो सांगत नाही, कारण त्याला त्या वस्तूचे नाव तेव्हा ठाऊक नाही. ‘ती शिवत असणार, नाहीतर विणत असणार, दुसरे काय असणार?’ असे ती म्हणाली. इतकी वर्षे हे वाक्य आम्ही ओलांडून जात होतो. जो फटीतून पाहून बोलायला शिकतो, तो फटीतून पाहून टाका घालायलाही शिकला असेल. तेव्हा कोटाच्या पाठीवर धावदोऱ्याचे ओबडधोबड टाके आले. लोकांनी चेहऱ्यावर घातलेले टाके आम्ही काढले होते; ते असे कापडावर परत आले, आणि या वेळी ते घालणारा तो स्वतः आहे.

या छंदाच्या जगात ‘अचूकता’ हा परवलीचा शब्द आहे. ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांची १९९७ साली सुरू झालेली ५०१वी लीजन ही संघटना आपल्या सदस्याचा वेष ठरावीक निकषांवर तपासून मगच मान्य करते. त्या शिस्तीबद्दल आम्हांला आदर आहे; तिच्यामुळे कारागिरीची पातळी फार वर गेली. पण ती अचूकता पडद्यावरच्या प्रतिमेशी आहे, जिथे उत्तर आधीच दिलेले असते. पुस्तकाशी अचूक राहायचे तर उत्तर आपणच तयार करावे लागते. मुंबईसकट आपल्याकडच्या कॉमिक कॉनमध्ये जे वेष दिसतात, त्यांतले बरेचसे चित्रपटांतले, ॲनिमेतले वा गेममधले असतात. त्या तरुण मुलांच्या हातांतले कसब आणि आमच्या वर्गांतले वाचन यांची गाठ पडावी, असे आम्हांला मनापासून वाटते. तयार पोशाख मागवून घालण्यात हे काहीच होत नाही, म्हणून ‘हाताने’ या शब्दावर आमचा एवढा भर.

हाताने करणाऱ्यांच्या नावांचे काय होते, हेही सांगितले पाहिजे. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथेचे पहिले जागतिक संमेलन भरले. तेथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यकाळातील माणसाचा वेष करून हिंडले आणि पुढे या प्रकाराचे जनक म्हणून गाजले. तो वेष, आणि सोबत स्वतःचाही, बेतून शिवला होता मर्टल डग्लस यांनी. विज्ञानकथाप्रेमींत त्या ‘मोरोजो’ म्हणून ओळखल्या जात. त्यांचे नाव सांगायला पुढच्यांना बरीच दशके लागली. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची १८१८ची आवृत्तीही निनावीच निघाली होती, लेखिकेचे नाव छापले गेले ते १८२३ साली. त्याच वर्षी लंडनच्या रंगमंचावर तिचे पहिले नाट्यरूप आले, तेव्हा पात्रांच्या यादीत त्या जीवाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या. प्रयोग पाहून आलेल्या मेरी शेलीला ती कल्पना आवडली.

आपल्याकडे त्या रेघांच्या जागी ‘भस्मासुर’ लिहायची पद्धत पडली आहे. अग्रलेखांतून तर ती सर्रास दिसते. आम्हांला ती पटत नाही. भस्मासुराला शंकराने घडवले नव्हते, वर दिला होता. हाताने घडवलेला जीव शोधायचाच तर पार्वतीने अंगाच्या मळापासून केलेला मुलगा जवळचा. त्यालाही पुढे दुसऱ्याचा अवयव जोडावा लागला. फरक इतकाच, आणि तो फार मोठा, की त्याला घडवणारी त्याच्यासाठी भांडली.

डी लेसीच्या प्रसंगाबद्दल एक गोष्ट आम्हांला काम सुरू केल्यावरच उमगली. संपूर्ण कादंबरीत त्या जीवाला माणसाची वागणूक मिळते ती जेथे त्याचा वेष, कातडी, ओठ, काहीच दिसत नाही तेथे. आम्ही महिनोन्‌महिने जे रंगवत आणि शिवत आहोत, ते त्या आंधळ्या श्रोत्यासमोर बिनकामाचे आहे. दार उघडते, मुलगा, मुलगी आणि साफी आत येतात, आणि मग ते सगळे एकदम कामाला येते. दोन्ही क्षण एकाच वेषात उभे करायचे, तर प्रयोगाचा पहिला भाग अंधारात, नुसत्या आवाजावर करावा, असे आमच्यातल्या एकाचे म्हणणे आहे. ते अजून ठरलेले नाही.

सध्या काम अडले आहे ते खिशापाशी. व्हिक्टरच्या ज्या कपड्यांनी तो स्वतःला झाकून घेतो, त्यांच्या खिशात व्हिक्टरची रोजनिशी निघते: निर्मितीच्या आधीच्या चार महिन्यांची. वाचता येऊ लागल्यावर आपण कसे झालो ते त्याला तीतून कळते. म्हणजे त्या दिवशी म्हाताऱ्यासमोर बसलेला असताना ते कागद त्याच्या अंगावर असू शकतात. प्रेक्षकाला हा खिसा दिसणार नाही, घोंगडी वरून येते. तरी तो हवा. मैत्रीण विचारते आहे की आतला की बाहेरचा, आणि चार महिन्यांचे लिखाण घडी करून किती जाड होते. विद्यार्थ्यांना आम्ही शाईने ते कागद भरायला बसवले आहे. भरून झाले की मोजून खिसा कापायचा.